अनंताची माती

प्रिय मेघना,

सप्रेम जय भीम.

काल पहिली आली ती मालन. तुझ्या हळदीला जिचा आवाज सगळ्यात वर होता, ती माझी मैत्रीण. चपला काढायच्या आधीच म्हणाली, शेवंते, टीव्ही बारीक कर, तुझ्या मालिकेतली सासू पार गल्लीच्या तोंडाशी ऐकू येतेय. मी बारीक केला. तिला आता टिटवाळ्याला सातव्या मजल्यावर घर आहे. लिफ्ट आठवड्यातनं चार दिवस चालते आणि हिला बाजारात जायचं असतं नेमकं उरलेल्या तीन दिवसांत. पायरीवर गुडघा धरून बसली, आधी लिफ्टला शिव्या दिल्या, मग पाणी मागितलं. दहा मिनिटांनी तिचा भाचा सलिल आला. मोटरसायकल लावायला जागा शोधत होता बिचारा. त्याची टिटवाळ्याला रोपांची नर्सरी आहे. मालननं त्याला मुद्दाम धरून आणलं होतं, माझं झाड दाखवायला.

माझं म्हणते, पण झाड तुझंच. तो अनंत. तू रंगाच्या रिकाम्या डब्यात लावलेलास, आणि घर सोडून गेलीस तेव्हा रसिकाला कडेवर घेतल्यामुळे न्यायचा राहिलेला. मी तो नंतर जमिनीत लावला, मोरीच्या पलीकडे आपली हातभर पट्टी आहे ना, तिथे. तू गेलीस तेव्हा तुझ्या गुडघ्याएवढा होता. आता माझ्या कमरेला लागतो. दोन वर्षांत एवढाच वाढला. पहिल्या पावसाळ्यात सात फुलं दिली. मी एकेक करून बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या फोटोपुढे ठेवली, सगळ्या खोलीला वास. मग काय झालं कळेना. पानं पिवळी पडायला लागली, शिरा तेवढ्या हिरव्या, बाकी पान हळदीत बुडवल्यासारखं. कळ्या धरायच्या, करंगळीएवढ्या व्हायच्या, आणि काळ्या पडून गळायच्या. सकाळी झाडायला गेलं की केराबरोबर कळ्या. मी मोजायचं सोडून दिलं.

उपाय काय कमी केले? चहाचा चोथा घातला. कांद्याच्या सालीचं पाणी घातलं. अंड्याची टरफलं कुटून घातली. पलीकडच्या खोलीतली म्हणाली कुणाची नजर लागली असेल, तर मी तिला म्हटलं, बाई, आम्ही ते मानत नाही. आणि ती गेल्यावर हळूच एक मिरची बांधली. हसू नकोस. बांधली खरी, दोन दिवसांनी सोडून आमटीत टाकली.

सलिल मोठा गमतीचा माणूस आहे. उकिडवा बसला, पान उलटंपालटं केलं आणि म्हणाला, आजी, याला तुम्ही उपाशी ठेवलंय की खायला घालून घालून मारलंय? मालन म्हणाली, हिनं नातीला नसेल घातलं एवढं या झाडाला घातलंय. म्हणाली आणि तिनं जीभ चावली. सलिलला काही माहीत नाही, तो आपला माती उकरत होता. मग म्हणाला, व्हिनेगर आहे का घरात? माझ्याकडे कुठलं व्हिनेगर. पण समोरच्या गाडीवरनं कधी चायनीज आणलं की मिरच्यांच्या आंबट पाण्याची पुडी येते, तशा तीन-चार डब्यात पडून होत्या. त्यानं बुंध्याजवळची वीतभर खोलची माती वाटीत घेतली आणि पुडी फोडून वर ओतली.

माती फसफसली गं. सोडा टाकल्यावर भज्यांचं पीठ फुगतं तशी.

सलिल म्हणाला, राख आहे यात. किती टाकलीत? मी म्हटलं, असेल थोडी. तो हसला, म्हणाला, थोडी? आजी, तुम्ही खोऱ्यानं टाकलीय. अनंताला आंबट माती लागते, राख त्याच्या अगदी उलटी. भाजीला चालते, याला विष. दोन वर्षं हा राखेतच मुळं पसरत होता, त्याला लोह मिळेना म्हणून पानं पिवळी. झाड जाणार होतंच, पण बुंधा अजून हिरवा आहे. त्यानं नखानं साल जरा खरवडून दाखवली, आत पोपटी रंग. मला एवढा आनंद झाला मेघना, माझ्या डोळ्याला पाणीच आलं. मी म्हटलं, जगेल? तो म्हणाला, जगेल, पण सगळी माती काढावी लागेल. पट्टी आहे तेवढी, दोन हात खोल. मुळं धुऊन घ्यायची, लाल माती आणि कुजलेला पाला भरायचा, पंधरा दिवस वर गोणपाट बांधून सावली करायची, महिन्यातनं एकदा पाणी घातलेलं ताक द्यायचं. आणि जुनी माती लांब नेऊन टाकायची, पावसात परत झिरपायला नको.

टाकायची म्हणाला तेव्हा मालननं माझ्याकडे बघितलं. चाळीस वर्षं बघतेय ती मला. म्हणाली, शेवंते, तू त्या दिवशी खाडीवर गेलीच नव्हतीस.

आता तुला सांगते.

माझा विनीत गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तू रसिकाला घेऊन ठाण्याहून आलेलीस. तुला निरोपच उशिरा दिला होता, तो मीच उशिरा द्यायला लावला होता. सकाळी कल्याणच्या स्मशानातनं रक्षा आणून झालेली. घर माणसांनी भरलेलं. तू म्हणालीस, आई, मी पण खाडीवर येते, रसिकाला पप्पांसाठी एक फूल टाकायचंय. तिच्या हातात पिशवीत गुंडाळलेलं पांढरं फूल होतं, शेवंतीचंच. आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, रक्षा सकाळीच सोडली, आता तुझं इथे काय राहिलंय. पाणीसुद्धा विचारलं नाही तुला. रसिका पलंगावर बसली होती, पाय हलवत. मडकं त्या पलंगाखाली होतं, पांढऱ्या फडक्यात. तिची टाच त्याला लागेल म्हणून माझा जीव खालीवर होत होता.

तुला काही मिळू द्यायचं नाही, एवढंच डोक्यात होतं. तू गेलीस म्हणून तो गेला, असं मी ठरवून टाकलं होतं.

तुम्ही गेलात, माणसं पांगली. आता खाडीवर जावं तर चाळीनं बघितलं असतं, म्हातारी खोटं बोलली म्हणून. मागे एकजण वारले त्यांच्या पुण्यानुमोदनाला आपले बौद्धाचार्य म्हणाले होते, नदीनाले घाण करू नका, रक्षा खड्ड्यात घाला आणि वर झाड लावा, माणूस झाडाच्या रूपानं दारात राहतो. मला ते फार पटलेलं. दिवेलागणीला खड्डा केला, अख्खं मडकं उपडं केलं आणि घरात दुसरं रोप नव्हतं म्हणून तुझा डबा फोडला. घरात दुसरं रोप नव्हतं असं मी स्वतःला सांगितलं. कोपऱ्यात तुळस होती.

आणि राखेचं म्हणशील तर तू एकदा सांगितलं होतंस मला. डासांच्या कॉइलची राख मी त्या डब्यात झटकत होते, तर तू म्हणालीस, आई, त्यात राख नका टाकू, त्याला सोसत नाही. मी म्हटलं होतं, चार बुकं शिकली म्हणून मला झाडं शिकवते. हे सगळं मला सलिलच्या वाटीत माती फसफसताना आठवलं. तोवर एकदाही नाही.

दोन वर्षं मी रोज त्या झाडाशी बोलत होते बघ. विनू, आज नळाला पाणी आलं नाही. विनू, तुझ्या आवडीची सुकट केलीय. पान गळलं की वाटायचं रागावलाय. त्याची राखच त्याच्या झाडाला जाळत होती, आणि मी वरनं पाणी घालत होते.

लोकांना मी सांगते, काविळीनं गेला. काविळीनंच गेला, पण कावीळ कुठल्या बाटलीतनं आली ते तुला आणि मला माहीत आहे. दुसरंही एक आपल्या दोघींना माहीत आहे. तो आत तुझ्यावर हात उचलायचा तेव्हा मी बाहेर टीव्हीचा आवाज वाढवायची. तुला वाटत असेल मला ऐकू येत नव्हतं. येत होतं. मालिका कुठली चालू आहे तेसुद्धा कळायचं नाही मला, नुसता आवाज वाढवायची. ती सवय अजून गेली नाही. घरात आता कुणी नाही, तरी संध्याकाळी माझा हात आपोआप रिमोटवर जातो. मालन आली तेव्हाही तो तसाच मोठा होता.

सलिलला मालननं बाजूला नेऊन सांगितलं असावं. परत आला तेव्हा डोक्यावरची टोपी हातात होती. थट्टा बंद. म्हणाला, आजी, माती काढावीच लागेल, त्याला इलाज नाही. पण मी ती कुठे टाकणार नाही. चाळून स्वच्छ गोणीत भरून देतो, पुढचं तुम्ही ठरवा. मग चहा प्याला, दोन पाव खाल्ले, जाताना शेंड्याकडे बोट दाखवलं. तिथे एक कळी आहे, गव्हाच्या दाण्याएवढी, अजून हिरवी. म्हणाला, हिला हात लावू नका. मालननं निघताना माझा पदर नीट केला.

तर मेघना, हे पत्र एवढ्यासाठी. फोन तू उचलत नाहीस, बरोबर आहे तुझं. सलिल गुरुवारी ठाण्याला कोर्टापाशी कुंड्या पोचवायला येणार आहे, तो हे तुझ्या भावाच्या घरी देईल. त्या गोणीचं काय करायचं ते मी ठरवणार नाही. खाडीत सोडायची, की दुसऱ्या झाडाखाली घालायची, की तुला तिचं तोंडही बघायचं नाही, ते तू सांग. तू सांगशील ते मी करीन. मागच्या वेळी तुला विचारलं नव्हतं, आता विचारते. रसिकाला आणायचं की नाही तेही तुझ्यावर. आणलंस तर तिला सांग, फूल विकत आणू नकोस, कळी आहे आपल्याकडे, तोवर उमलली तर उमलली. आणि नाही आलात तरी अनंत तुझा आहे, तो जगला की सलिल कुंडीत घालून तुझ्याकडे पोचवील, मी सांगून ठेवलंय. टीव्ही बंद ठेवीन. माती काढायला मालन आणि सलिल रविवारी येतो म्हणालेत, सकाळी नऊला, ऊन चढायच्या आत.

तू जिला आई म्हणायचीस, ती तुझीच
शेवंती