आईचा बिडाचा तवा

प्रिय ताई,

तुला आणि आईला नमस्कार. मी बरा आहे, दोन्ही वेळ जेवतो. तुझे गुडघे कसे आहेत?

एक कबूल करायचंय. मी आईचा बिडाचा तवा वाया घालवला. आमच्या कॅन्टीनमध्ये तपासणी होती. मुख्य आचारी म्हणाला, हा काळाकुट्ट तवा दिसला तर तुझं काही खरं नाही. घाबरून मी तो साबण लावून तारेच्या घासणीने पांढरा पडेपर्यंत घासला. आईने तीस वर्षं त्याला साबण लागू दिला नव्हता. तिचं तीस वर्षांचं काम मी अर्ध्या तासात धुऊन टाकलं.

आता साधं अंडंसुद्धा खरवडून काढावं लागतं. सात वेळा तेल लावून तापवला. चिकट पापुद्रा धरतो, निघून येतो, आणि सकाळी पुन्हा गंज असतोच. आचारी म्हणतो, भंगारात टाक. टाकायला माझा हात धजत नाही गं.

नवा असताना आईने तो कसा तयार केला होता? तेल कोणतं, आच किती, मध्ये पुसायचा का? एखाद्या सकाळी ती भानावर वाटली की लगेच विचारून लिहून ठेव. उद्यावर टाकू नकोस.

परवा फोनवर तिने मला ओळखलं नाही. तुला सांगितलं नव्हतं. पण तिने विचारलं, "ज्याने माझा तवा नेलाय तो पोरगा बरा आहे ना?"

मी म्हटलं, "बरा आहे."

तुझा,
धाकटा