नमुन्याच्या पायांची वाटणी

मी, खाली स्वतःच्या हाताने सही करणारी, वय सत्तरीच्या पुढे, पूर्वीचे काम पादत्राणांच्या कारखान्यात नमुना म्हणून उभे राहणे, राहणार याच घराच्या तळमजल्यावर, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. पायांबद्दल तसे म्हणता येणार नाही. पण मृत्युपत्र करायला पाय लागत नाहीत, असे वकिलांनी सांगितले. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणणारे वरच्या मजल्यावर राहतात आणि त्यांना हा कागद दाखवलेला नाही. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे.

वकिलांनी "माझे पती" असे लिहायला सुचवले. एकदा लिहिले. यापुढे मी "फर्मेवाला" लिहीन, कारण तो मुळात तोच होता आणि माझा पती त्यातून वेळ मिळेल तेव्हा.

कलम १. घर माझे कसे, आणि मी कोण.

हे घर माझ्या वडिलांनी बांधले व माझ्या एकटीच्या नावे केले. वडील त्याच कारखान्यात कटर होते, म्हणजे कातड्यातून बुटाचे तुकडे कापणारे. मी पॅकिंगला होते. एक दिवस फर्मेवाला खाली आमच्या खात्यात आला. फर्मा म्हणजे लाकडाचा पाय. त्याच्यावर कातडे ताणून बूट घडवतात. बूट पायाला कसा बसणार हे कातडे ठरवत नाही, शिलाई ठरवत नाही, फर्मा ठरवतो. त्यामुळे फर्मे कोरणाऱ्याला कारखान्यात मालकाच्या खालोखाल मान. त्याने माझ्या तोंडाकडे पाहायच्या आधी पायांकडे पाहिले. मला उद्देशून त्याचे पहिले शब्द होते, "चप्पल काढा."

माझा पाय नमुन्याच्या मापाला तंतोतंत उतरला. कोणतीही नवी डिझाइन कापायला जाण्यापूर्वी तिचा एक जोड जिवंत पायावर चढवून बघतात. तो पाय माझा झाला. मी टेबलावर उभी राहायचे आणि खाली बाप्ये माझ्या पायाला बोटे लावत बोलायचे. चवड्यावरचे कातडे ते वॅम्प, टाचेला मागून उभे धरणारा कडक तुकडा तो काउंटर, बोटांवरची टोपी ती टो-कॅप. हे शब्द मला कोणी शिकवले नाहीत. ते माझ्या अंगावर बोलले गेले. कारखाना मला "नमुना" म्हणायचा. "काय नमुना आहे" असे म्हणून हसायचाही. त्यात मी सुद्धा हसत असे.

फर्मेवाल्याने मागणी घातली तेव्हा वडील एवढेच म्हणाले, "तो पायाशी लग्न करतोय. तू बघ बाई." मी बघितले नाही.

कलम २. नमुन्याचे फर्मे.

माझ्या पायांवरून कोरलेला फर्म्यांचा मूळ जोड वरच्या मजल्यावर काचेच्या कपाटात आहे. कारखाना बंद झाला तेव्हा मालकांनी तो माझ्या नावाने लिहून दिला, त्यामुळे तो कोणी कुरवाळत असले तरी मालकी माझी आहे.

मुलीच्या वेळी मला दिवस गेले आणि माझे पाय सुजले. बाळंतपणानंतर सूज गेली, पण पाय पसरलेले राहिले. पुष्कळ बायकांचे राहतात. मालकांना सुद्धा ते समजले. ते म्हणाले, फर्मा थोडा रुंद करू, बाजारात अशाच बायका जास्त आहेत. फर्मेवाल्याने ऐकले नाही. घरी त्याने माझे पाय कापडी पट्ट्यांनी आवळून बांधले. रात्रंदिवस. मी म्हटले, अहो, मला नाही सोसत. तो पट्टी ओढत राहिला आणि शांतपणे म्हणाला, "पाय चुकलाय. फर्मा नाही."

मला त्याने पंप, म्हणजे पुढून बंद असलेले बायकी बूट, चढवायला लावले. पंपाला दोरी नसते, पट्टा नसतो. पाय निव्वळ चवडा आणि टाच यांच्या पकडीत राहतो, म्हणून पंप घट्टच करतात. त्यातले बरेचसे पेटंट लेदरचे. ते कातडे वर चकचकीत थर चढवलेले असते, आरशासारखे. साधे कातडे काही दिवसांनी पायाला दया दाखवते. पेटंट दाखवत नाही. त्या बुटांत मी वर्षानुवर्षे टेबलावर उभी राहिले. अंगठ्यांच्या मुळाशी हाडे बाहेर आली, बोटे एकमेकांवर चढली. डाव्या पायाचे एक बोट चिघळले ते शेवटी कापावे लागले. दवाखान्यात तो मला भेटायला आला तेव्हा त्याने पांघरूण पायाकडून उचलले, बघितले, आणि परत टाकले. कसे वाटतेय हे विचारले नाही.

तरी या फर्म्यांची वासलात अशी लावावी. फर्म्यावर कातड्याचे तुकडे ठोकून तो पाहिजे तिथे फुगवता येतो. वाकड्या पायाच्या गिऱ्हाईकासाठी तसे करतात. कलम ५ मधील शिलाईवालीने माझ्या आत्ताच्या पायांचे ठसे घेऊन ठेवले आहेत. त्याप्रमाणे तिने दोन्ही फर्म्यांवर हाडांच्या जागी तुकडे ठोकावेत, बोटे चढलेली दाखवावीत, आणि कापलेल्या बोटाच्या जागी डावा फर्मा तासावा. मग जोड त्याच कपाटात, त्याच जागी ठेवून द्यावा. कपाट फर्मेवाल्याच्या पलंगासमोर आहे. ते हलवू नये.

कलम ३. धाकटी बहीण.

माझी धाकटी बहीण मुलगी लहान असताना मला हाताखाली म्हणून आली व राहिली. तिचा पाय म्हणजे माझा बाळंतपणापूर्वीचा पाय. माझे बोट कापल्यावर टेबलावर तिला उभे केले. त्या संध्याकाळी मी पाय उशीवर घेऊन पडले होते. ती आत आली, कडेला बसली आणि म्हणाली, "ताई, मला एकदम बरोबर बसला." आनंदात होती.

पुढे ती आणि फर्मेवाला दोघे वरच्या मजल्यावर राहायला गेले. मुलीला सांगितले, वर उजेड चांगला आहे. जिना उभा आहे आणि तो मला चढता येत नाही, हे दोघांनाही ठाऊक होते. तेव्हापासून या घराचा वरचा अर्धा भाग मी फक्त कानांनी पाहिला. चामड्याचे थर रचून केलेली टाच कोरडी वाजते, रबराची बसकी वाजते. त्याच्याकडे जाताना ती कोरडी वाजणारी घालायची.

वडील कातडे निवडायला बसत तेव्हा मला दाखवत. ज्याचा वरचा थर घासलेला नसतो त्याला फुल ग्रेन म्हणतात; त्याच्यावर डास चावल्याच्या, तार लागल्याच्या खुणा राहतात, पण ते टिकते. खुणा घासून, वर रंग थापून जे एकसारखे करतात ते करेक्टेड. आणि वरचा थर काढून घेतल्यावर खाली उरतो तो स्प्लिट. त्याला रंग देऊन अस्सल म्हणून विकणारे पुष्कळ. बहिणीबद्दल मला एवढेच म्हणायचे आहे.

नमुन्यासाठी केलेले पण बाजारात न गेलेले पेटंटचे सगळे पंप माझ्या पलंगाखाली आहेत. ते बहिणीला द्यावेत. आता तिचेही पाय पसरले आहेत, खाली येते तेव्हा मी बघते. एकही चढणार नाही.

कलम ४. मुलगी.

बँकेतली ठेव मुलीला. द्यायलाच हवी असे नाही, देते.

मुलीला मावशीने वाढवले असे ती म्हणते. वेण्या मावशीने घातल्या, शाळेत मावशी गेली, हे खरे आहे. मी चालू शकत नव्हते. मागे ती आली होती तेव्हा म्हणाली, "आई, आता विसर ना. म्हातारे झालेत सगळे." तिच्या पायात ऑक्सफर्ड होते. ऑक्सफर्डमध्ये दोरी ओवायच्या दोन्ही झडपा वॅम्पखाली शिवलेल्या असतात, म्हणून तो छान मिटतो आणि सैल होत नाही. डर्बीत त्या वर शिवतात, त्या मोकळ्या उघडतात, सुजलेला पायही आत जातो. मी तिला म्हटले, तुझे पाय सुजतात, डर्बी घे. ती म्हणाली, डर्बी गबाळे दिसतात.

मुली, तुझ्यामुळे माझे पाय पसरले. हे मी तुला जन्मात कधी बोलून दाखवले नाही. आता दाखवते, म्हणजे ठेव मोडताना तुला आठवेल.

कलम ५. शिलाईवाली.

संपूर्ण घर, दोन्ही मजले, माझे शिलाईचे यंत्र, वडिलांची रापी आणि कापायची पाटी, हे सर्व मी शिलाईवालीला देते. ती कारखान्यात वरच्या भागांच्या शिलाईला होती. माझी कोणी नातेवाईक नाही, म्हणून कोणी हरकत घेतल्यास हे कलम मोठ्याने वाचावे. बोट कापल्यानंतर ती कागद आणि पेन्सिल घेऊन आली. जमिनीवर बसली, माझा पाय कागदावर ठेवला आणि विचारले, "कुठे कुठे दुखतं?" इतकी माणसे माझ्या पायांशी बोलत आली होती; हे कोणी विचारले नव्हते. मी दाखवत गेले, ती खुणा करत गेली. तिने मला स्वेडचे बूट करून दिले. स्वेड म्हणजे कातड्याची आतली बाजू घासून लव आणलेली, मऊ. पुढे रुंद, टोपीत कडक तुकडा नाही, तळ चिकटवलेला नाही तर शिवलेला, म्हणजे झिजला की उसवून नवा लावता येईल. त्यांच्यात मी पुन्हा गल्लीच्या टोकापर्यंत जाऊ लागले. जाळताना मला तेच घालावेत. पुरायचे ठरले तरी तेच.

कलम ६. वरचा मजला.

फर्मेवाल्याचे उजवे अंग गेले आहे. बोलता येते, उठता येत नाही. बहीण त्याचे सगळे करते. मध्यंतरी ती मला चहा द्यायला खाली आली तेव्हा मी तिला म्हटले, वरचा मजला तुझ्या एकटीच्या नावे करीन, पण त्याला घराबाहेर काढायचे, एखाद्या आश्रमात टाक. रडेल असे मला वाटले होते. तिने कप खाली ठेवला आणि म्हणाली, "त्यांना कुठं ठेवायचं ते मी बघते, ताई. तू आधी कागद करून दे."

त्यानंतर त्याला दवाखान्यात न्यायचे होते म्हणून खाली उचलून आणले आणि माझ्या खोलीत खुर्चीवर बसवले. बहीण गाडी बघायला गेली. तेवढ्यात मी त्याच्याही कानावर घातले, वरचा मजला तुझा, नोकर ठेवून देते, फक्त तिला जायला सांग. तो बराच वेळ माझ्या बुटांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तिला सांगशील तूच ना? मला नाही जमणार." तेवढ्यात बहीण गाडी घेऊन आली आणि तिने त्याच्या तोंडाची लाळ पदराने पुसली.

एकाने काय सांगितले ते दुसऱ्याला माहीत नाही. आधीच्या मृत्युपत्रात मी दोघांनाही बाहेर काढले होते. ते मी बदलले आहे. शिलाईवालीची याला संमती आहे.

वरच्या मजल्यावर दोघांनाही हयातभर फुकट राहण्याचा हक्क मी देते, पण दोघांनी तिथे एकत्र राहिले तरच. एक जण सोडून गेला किंवा एकाने दुसऱ्याला काढले, तर त्याच दिवशी दोघांचाही हक्क संपेल. जायला दोघांनाही दुसरी जागा नाही, याची मी खात्री करून घेतली आहे.

हे मृत्युपत्र वकिलांनी वरच्या मजल्यावर जाऊन, दोघांना समोरासमोर बसवून वाचावे. हे कलम सावकाश वाचावे, त्यांचे शब्द त्यांच्याच तोंडचे म्हणून वाचावेत, आणि मध्येच कोणी उठून गेल्यास ते परत येईपर्यंत थांबावे. नंतर वकिलांनी खाली यावे व जिन्याचे दार लावून घ्यावे.

त्या वेळी मी नसेन, याची मला खंत वाटते. एवढी एकच.

व्यवस्थापक म्हणून वकिलांना नेमते. वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, म्हणून सही करते.

सही: नमुना (खरे नाव दाखल्यावर आहे)

साक्षीदार, ज्यांच्यासमोर मी सही केली आणि ज्यांना या कागदातून काहीही मिळत नाही:
१. समोरचा किल्ल्या करणारा. सही.
२. पट्टी बदलायला येणारी नर्स. सही.

स्थळ: तळमजला, रस्त्याकडची खोली.
तारीख: नोंदणीच्या शिक्क्यावर आहे तीच. दुपार. वर दोघे जेवत होते.