डावं म्हणजे काय, ते तू तिला सांगितलंस

आई, गेल्या रविवारी मी निलंग्याला गेले होते. तुझ्या आठवणीसाठी तिथं अभ्यासवर्ग ठेवला होता आणि मला बोलावणं तिचं होतं, तुझ्या त्या दुसऱ्या पोरीचं. दुसरी पोरगी हा शब्द माझा. तू तिला कधी तसं म्हणाली नाहीस, ती तुला ताईच म्हणायची. पण किल्लारीच्या भूकंपानंतर तुझ्याजवळ जी जागा तिनं घेतली, तिला मला आजवर वेगळं नाव सापडलेलं नाही. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तिचा फोन आला की माझा आवाज आपोआप कोरडा होतो. मी लातूरहून गेले, दिवसभर बसले, परत आले, आणि तेव्हापासून तुझ्याशी भांडावंसं वाटतंय. तू नाहीस, म्हणून लिहितेय.

आपल्या नांदेडच्या घरातले रविवार तुला आठवतात का? सकाळी आठपासून पुढच्या खोलीत सतरंजी पडायची आणि तुझ्या लाल झेंड्याच्या पार्टीची माणसं यायची. बाबा एसटीच्या वर्कशॉपमधले. ते कुठल्याच पार्टीत नव्हते, पण त्या दिवशीचा चहा आणि उप्पीट त्यांचंच असायचं. तू नगरपालिकेच्या शाळेत शिकवायचीस, आणि घरी त्या सगळ्या पुरुषांनासुद्धा वर्गात बसवल्यासारखंच बोलायचीस. विषय कुठलाही निघाला तरी गाडी फिरून एकाच प्रश्नावर यायची, की खरे डावे कोण. वकीलकाका पुस्तकी बोलायचे. कारखाने, जमिनी, यंत्रं समाजाच्या मालकीची असावीत असं जो मानतो तो डावा, बाकीचे नुसते भले लोक. त्यावर गिरणीतले काका, जे आमच्या गल्लीच्या पलीकडच्या वस्तीत राहायचे, ते हसायचे. म्हणायचे, "समाजाची मालकी म्हणता वकीलसाहेब, पण तुमच्या ह्या समाजात मी कुठं बसतो ते आधी सांगा की. माझ्या गावात हौद अजून वेगळा हाय." मग दोघांची जुंपायची. वकीलकाका त्यांना जातीत अडकलेला म्हणायचे, ते वकीलकाकांना पोथीवाला म्हणायचे. आणि कोपऱ्यात बसलेले मास्टरचाचा, ज्यांनी निजामाच्या काळात तुरुंग पाहिला होता आणि ज्यांच्या दुकानात आपल्या सगळ्यांचे कपडे शिवले जायचे, ते चष्मा पुसत म्हणायचे, "मियाँ, इतकं लंबं कशाला? जुलूम दिसला की गप बसायचं न्हाई, एवढंच. बाकी समदं किताबात."

"एवढंच कसं चाचा?" तू लगेच म्हणायचीस. "गप न बसणारे लई आहेत. पुढं करायचं काय, ते सांगा." तेवढ्यात बाबा आतून ओरडायचे, "चहा गार व्हायलाय!"

मी दाराच्या चौकटीला टेकून ऐकायची. मला त्यातलं काही कळायचं नाही, पण तुझा चेहरा दिसायचा. माझ्याशी बोलताना तो तसा कधीच नसायचा. मला सख्खं भावंड नव्हतं, म्हणून मत्सर कशाचा करतात ते मी त्या खोलीत शिकले. 'डावे' हा एक शब्द होता, आणि तू त्याचे लाड करायचीस.

चौथीत होते तेव्हा वर्गातल्या एका पोरीनं विचारलं, "तुझी माय डावी हाय म्हणं. डाव्या हातानं जेवती का गं?" सगळा वर्ग हसला. घरी आले तेव्हा तू मोरीत कपबश्या विसळत होतीस. मी विचारलं, "आई, आपण डावे म्हणजे काय?" तू इतकी हसलीस की हातातली बशी परत पाण्यात पडली. मग पदराला हात पुसत म्हणालीस, "मोठी झालीस की सांगते. जा, पाढे म्हण." मी मोठी व्हायची वाट बघू लागले. खरंच बघू लागले, आई. लहान पोरांना असं काही सांगितलं की ती विसरतील असं मोठ्यांना वाटतं.

मग माझं दहावीचं वर्ष आलं आणि त्याच वर्षी भूकंप झाला. गणपतीचं विसर्जन उरकून सगळे झोपले होते. पहाटे आपल्या घराची भांडी वाजली, बाबा मला उठवून अंगणात घेऊन आले. उजाडल्यावर कळायला लागलं की औसा-किल्लारीकडं गावंच्या गावं दगडमातीखाली गेलीत. दुपारी भाकऱ्यांच्या गठ्ठ्यांसोबत तू ट्रकमध्ये चढलीस. दोन दिवसांत येते म्हणालीस. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत आली नाहीस. त्यानंतर अधूनमधून यायचीस, शाळेत रजेचा अर्ज टाकायचीस आणि परत जायचीस. शेवटी मीच हट्ट धरला आणि बाबा मला एसटीनं तुझ्याकडं घेऊन आले.

ते माळरान मला आत्ताही दिसतंय. पत्र्याच्या शेडची रांग, उन्हानं तापलेली, धुळीत खेळणारी पोरं, आणि एका शेडच्या सावलीत तू बसलेली आहेस. तुझ्या पुढ्यात माझ्याएवढी एक मुलगी आहे आणि तू तिची वेणी घालतेस. आई, माझी वेणी बाबा घालायचे. तुला सकाळी वेळ नसायचा. तू मला पाहिलंस, हसलीस, पण हातातले पेड सोडले नाहीस. "ये, बस," म्हणालीस. "हिचं घर गेलं. आईबाप, दोन भाऊ. एक मावशी राहिलीय." त्या मुलीनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तिच्या नजरेत काहीच नव्हतं. अशा मुलीचा हेवा करणं पाप आहे हे मला तेव्हाही कळत होतं, आणि मी तो केला.

"आई, माझं दहावीचं वर्ष आहे," मी म्हणाले. तू पुन्हा वर पाहिलंस. "तुला बाप आहे, घर आहे, डोक्यावर स्लॅब आहे. काय कमी आहे तुला?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. ते मी गिळलं, आणि परतीच्या गाडीत लातूर येईपर्यंत खिडकीकडं तोंड करून बसले. स्टँडवर बाबांनी मला पेरू घेऊन दिला.

पुढं ती आपल्या घरी राहायला आली, आणि त्याच जूनमध्ये मी अकरावीला लातूरला निघाले. लोकांना वाटलं, डॉक्टर व्हायची जिद्द आहे पोरीची. जिद्द होतीच. पण रविवारी पुढच्या खोलीत दाराला टेकून नव्हे, सतरंजीवर तुझ्या शेजारी बसणारी ती मला बघवत नव्हती. डॉक्टर झाले नाही. रसायनशास्त्र शिकवू लागले, आणि लातुरात क्लासेसची लाट आली तेव्हा मीही माझा क्लास काढला. दूरदूरच्या गावांहून पोरं येत होती, गल्लोगल्ली मेस आणि होस्टेलं उघडत होती. उद्घाटनाला तू आलीस, नांदेडहून भिंतीवरचं घड्याळ घेऊन. सगळ्या खोल्या फिरून बघितल्यास. दारांवरच्या पाट्या वाचल्यास.

"हे अ, ब, क काय आहे?"

"मार्कांप्रमाणं तुकड्या आहेत, आई. सगळीकडं असंच असतं."

"क ला तू शिकवतीस का?"

"नाही. मी अ ला. क ला नवीन लोक आहेत."

"हं," म्हणालीस तू. एवढंच. मी रागावले. म्हणाले, "तुझी ती काय करायलीय सध्या?" तू म्हणालीस, "निलंग्याला अंगणवाडीच्या बायकांची संघटना बांधायलीय," आणि बघ, तुझा चेहरा तसाच झाला, रविवारच्या खोलीतला. माझ्या क्लासच्या उद्घाटनाच्या दिवशी.

तू वारलीस तेव्हा अंगणात तुझ्यावर घालायला लाल झेंडा आला. लोक येत होते, मुठी उंचावत होते, आणि आधी तिच्या खांद्यावर हात ठेवत होते. मग कुणीतरी सांगायचं, ही खरी मुलगी, आणि ते माझ्याकडं वळायचे, थोडे ओशाळून. मी ते कधी विसरले नाही.

तर गेल्या रविवारी निलंग्याला. हॉलमध्ये तीसेक पोरंपोरी होती. सुरुवातीला प्रत्येकानं आपण स्वतःला डावं का म्हणतो ते सांगायचं होतं. मला वाटलं आपलीच खोली आहे, फक्त माणसं बदललीत. एक जण म्हणाला, संविधान मनापासून मानतो तो आज डावा. एक पोरगी म्हणाली, "घरातलं काम कोण करतं, तिथून सुरू होत नसेल तर मला ते डावं नको." एक मुलगा म्हणाला, "मला डावा म्हणूच नका, गावात लोक वेगळंच समजतात. मी समतावाला." त्यावर मागचा एक जण उसळला, शब्द टाकलास की विचारही टाकशील म्हणून. वकीलकाका आणि गिरणीतले काका असते तर खूश झाले असते.

शेवटी तुझी ती उठली. आता केस पांढरे झालेत तिचे. म्हणाली, "मी हे ताईंना इचारलं होतं. शेडमधी." आणि तिनं जे सांगितलं ते मी पहिल्यांदा ऐकत होते. ब्लँकेटांचा ट्रक आला होता. पुढची माणसं नेहमी दोनदोन नेतात आणि गावकुसाबाहेरची, जखमी, म्हातारी मागं राहतात, म्हणून तू रांगेच्या शेवटापासून वाटायला लावलंस. भांडणं झाली, पण तू हटली नाहीस. आणि वाटप संपलं तेव्हा सगळ्यात पुढं, सकाळपासून उभा असलेला एक म्हातारा रिकाम्या हातानं राहिला. तो बसून रडायला लागला.

"म्या ताईंना म्हणलं, ही तुमची डावी रीत व्हय? तर ताई म्हणल्या, मला बी नीट कळत न्हाई गं. ब्लँकेटं कमी का आली हे इचारणं आमचं काम, ते मी उद्या तहसीलदाराला इचारनच. मागच्याला आधी द्यायचं, हे बी खरं. पण ह्या म्हाताऱ्याला मी काय सांगू? मग आम्ही दोघी शेडोशेड फिरलो, एका ब्लँकेटात दोघं निजा, एक मोकळं करा म्हणत. चौथ्या शेडात मिळालं."

पोरं टाळ्या वाजवायला लागली. तिनं हात वर करून थांबवलं आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "फिरताना ताई एक अजून बोलल्या होत्या. माझ्या पोरीनं लहानपणी हेच इचारलं, तर म्या टाळलं. तिच्यापुढं चुकायचं भ्या वाटतं मला. तुझ्यापुढं वाटत न्हाई."

सगळे माझ्याकडं वळून हसले, कौतुकानं. त्यांना वाटलं मला केवढी भेट मिळाली. मीही हसले. पण आतून पेटले होते, आई. इतकी वर्षं मला वाटत होतं की तू तिला उत्तर दिलंस आणि मला दिलं नाहीस. ते मी सहन केलं असतं. तू तिला तुझं न कळणं दिलंस. तो म्हातारा दिलास, ती शेडोशेडची पायपीट दिलीस. मला कायम ठाम आई मिळाली, पाढे म्हण सांगणारी, हं म्हणणारी. मी तुला चुकताना बघितलं असतं तर काय बिघडलं असतं? मी काय तुला कमी मार्कं देणार होते?

निघताना ती स्टँडपर्यंत सोडायला आली. म्हणाली, "पुढच्या महिन्यात तुमच्या लातूरजवळ मुरुडला घ्यायलोत वर्ग. येताव का?" मी लगेच हो म्हणाले. तिला फार बरं वाटलं. ताईंची मुलगी अखेर आपल्यात आली असं तिनं दोघीतिघींना सांगितलंही असेल.

हे कागद मी घडी घालून ठेवणार आहे, कुणाला दाखवायचे नाहीत, तिला तर नाहीच. विचारांचं म्हणशील तर मला अजून काही ठरवता आलेलं नाही. मी मुरुडला जातेय ते एवढ्याचसाठी, की तिच्याजवळ तुझं अजून बरंच काही असणार, आणि ते मला हवंय.