भट्टीकडच्या कुंड्या

सांगली, ५ डिसेंबर २०२३

ती. दादास, पद्माचा शि. सा. न. वि. वि.

गावाकडं निघालेल्या आकारामबरोबर ग्लॅडिओलाचे कंद पाठवलेत. अंगणात, ऋषिराजच्या वीटभट्टीकडच्या बाजूला कुंड्यांत लाव. भट्टीच्या धुरात विषारी वायू असला तर या झाडाच्या पानांची टोकं करपतात, हे मी कॉलेजात दरवर्षी शिकवते. भट्टी वाईट असं मी म्हणत नाही हं! मागं म्हणाले, तर तुझ्या लेकानं आत्याला थेट सांगलीच्या एस.टी.त बसवून दिलं. पण तुझ्या नातीचा, संयोगिताचा खोकला हटेना. म्हटलं, झाडालाच विचारू. फोनवर तू नुसतं व्हय व्हय करतोस, म्हणून पत्र.

वहिनीला नमस्कार. माया आहेच, उणी करू नकोस.

पद्मा

फलटण, २० जानेवारी २०२४

चि. सौ. पद्मास, लालासाहेबाचे अनेक आशीर्वाद.

तुजी झाडं लय नाजूक निघाली गं. पानांची टोकं भाजल्यागत झाली. पाणी वाढवलं, शेणखत घातलं, तुज्या वहिनीनं दिष्टबी काढली. काय फरक न्हाई. फौजेत असती तर मेडिकलमधीच नापास केली असती. शेवटी मला बघवंना. सगळ्या कुंड्या ट्रॉलीत घालून मळ्यातल्या वस्तीवर नेल्या. आता नवी पानं हिरवीगार! ऋषिराज म्हणाला, आबा, आत्याला कळवा, झाडं वाचली.

संयोगिता बरी हाय. खोकती तेवढी. अंगणात खेळायचं काय सोडत न्हाई.

हाय ती माया ऱ्हाऊ दे.

दादा

सांगली, २५ जानेवारी २०२४

ती. दादास सा. न. वि. वि.

धन्य आहे तुझी! पत्र वाचून आधी हसले, मग रडूच आलं. झाडाला तिथली हवा मानवत नाही हे तुला महिन्यात उमगलं. नात दोन वर्षं खोकतेय.

कुंड्या अंगणात परत आण आणि पोरीला वस्तीवर ने.

रागावलास तरी माया ठेव.

पद्मा

फलटण, ११ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. पद्मास आशीर्वाद.

पोरीला वहिनीसंगं वस्तीवर धाडली. खोकला उतरलाय. कुंड्या परत आणल्या, पानं परत करपली. ऋषिराजला दावली, तर म्हणाला, थंडीनं झालं असंल. मी त्याच्याशी वाद घातला न्हाई. भट्टीच्या अंगाला, कुंड्यांच्या रांगंत माजी खाट टाकलीया. जेवाण, झोप तिथंच. आता मला बी खोकला लागलाय. तू काळजी करू नको, आन् यायची घाईबी करू नको.

झाडाचं त्यानं ऐकलं न्हाई. बापाचं कवा ऐकतोय, बघतो.

माया असू दे.

दादा