अनंताच्या कुंडीतली हुमणी

तारनाका, हैदराबाद
८ सप्टेंबर १९९६

चि. दिलीप यास,

ताईचे आशीर्वाद. आई आणि मी ठीक आहोत. पुण्यात तुझा धंदा, तुझा अधिकार आणि तुझं वजन हे तिन्ही वृद्धिंगत होत असल्याचं पत्रावरून कळलं. ‘दसऱ्याला येऊन आईला घेऊन जातो, तयारी ठेवावी’ हे तू टाइप करून पाठवलंस. म्हणजे आता आईही तुझ्या कंपनीच्या पत्रव्यवहारात आली.

असो. आधी कुंड्यांची बातमी.

मे महिन्यात तू दोन वस्तू घेऊन अवतरलास. आईसाठी चाकांची सूटकेस, आणि कुठल्याशा गोठ्यातून पोतंभर ताजं शेण. “अस्सल देशी गाईचं आहे, ताई!” म्हणत, पँट सांभाळत, आईच्या प्रत्येक कुंडीत ते थापलंस आणि वर गोमयाच्या माहात्म्यावर प्रवचन दिलंस. ज्यानं जन्मात मेथीची जुडी निवडली नाही त्यानं! देशाचे दरवाजे उघडल्यापासून जो तो सल्लागार झाला आहे.

ऑगस्टात मोगऱ्यानं मान टाकली. माती ओली, पानं मलूल. वरच्या मजल्यावरचे शिवराज, रेल्वेतून निवृत्त झालेले आणि सगळं ज्ञान केबलवरून मिळवणारे, गॅलरीतून वाकून म्हणाले, “मास्टरनीबाई, पानी कम पड़ रा. और डालो जी.” घातलं. मोगरा आडवाच झाला. “तो फिर ज्यादा हो गया हुईंगा,” म्हणाले. मला तुझी फार आठवण आली.

शेवटी आईनं बुंधा धरून जरा हलवला, तर अख्खा मोगरा अलगद हातात आला. खाली मुळंच नाहीत. कुंडी वर्तमानपत्रावर उपडी केली. आत पांढऱ्या, लठ्ठ, तांबड्या डोक्याच्या अळ्या, अंगाचा अर्धचंद्र करून शेषशायी थाटात पहुडलेल्या.

“हुमणी,” आई म्हणाली. नांदेडकडच्या शेतकऱ्याची लेक ती, तिला प्रवचन लागत नाही. “शेण कुजलेलं नव्हतं. कच्च्या शेणावर भुंगेरे येतात, अंडी घालतात. मग ही बसते मुळं खात.” आणि लगेच, “दिलीपला कळवू नको. वाईट वाटेल त्याला.”

म्हणून कळवते आहे.

मधली एक गोष्ट राहिली. तुझं पत्र आलं त्या दिवशी आईनं साड्यांच्या घड्या घालून सूटकेस भरली होती. “बोलावतोय तर जाते,” एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी शाळेला निघताना, आई घरात असूनही, खिळ्यावरची कुलपाची किल्ली मी बरोबर घेतली. पुढे रोज घर बंद करून निघावं लागेल, सवय असावी म्हणून. शाळेसाठी जामबागेला उतरेपर्यंत ती बसमध्ये मुठीतच होती.

तर बाकीच्या कुंड्याही उपसल्या; हुमणी सगळ्यांतच, फक्त अनंताची थोडी मुळं शाबूत होती. आईनं एकेक अळी वेचून कठड्यावर ठेवली, साळुंक्यांनी पंगत झोडली. मग मुळं धुतली, निम्म्या फांद्या छाटल्या आणि निंबोळी पेंड घातलेल्या नव्या मातीत अनंत लावून सावलीला ठेवला. “मूळ धरेपर्यंत याला हलवायचं नाही,” म्हणाली. यात रूपक शोधू नकोस. रूपकं मी शाळेत शिकवते, घरी आणत नाही.

मी विचारलंच, “दिलीपकडे कुंड्या ठेवायला जागा असेल ना?”

“गॅलरी काचा लावून बंद केली म्हणे त्यानं. हॉल मोठा झाला.” माती झटकत आई म्हणाली, “अनंत मूळ धरू दे. मग बघू.”

“कधी धरेल?”

“त्याला काही घाई नाही. मलाही नाही.”

तुझी सूटकेस मात्र वाया गेलेली नाही. साड्या कपाटात परतल्या, आणि बाकीच्या कुंड्यांची माती सूटकेसमध्ये पसरून वाळत घातली आहे. गॅलरीत ऊन सरकतं, तशी आई पदर खोचून, पट्टा धरून ती ओढत नेते. चाकं फार छान आहेत, हे तुला आवर्जून कळवायला तिनं सांगितलंय.

दसऱ्याला जरूर ये. रिकाम्या हातानं ये, आणि तसाच जा.

किल्ली खिळ्यावर परत टांगून बसलेली,
तुझी ताई,
सुलभा