खोटं बोललात तिथेच

ता. ९ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे जाऊन वर्ष होत आलं. सासूबाई आता नीट जेवतात, माझं सलूनही बरं चाललंय. पण कालचं तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. ह्यांनी गाडीसाठी कर्ज घेतलं होतं. हप्ते थकल्यावर कर्ज देणाऱ्या कंपनीने गाडी ओढून नेली. काल त्यांचा वसुलीवाला थेट सलूनमध्ये आला. खुर्चीत गिऱ्हाईक, माझ्या हातात कात्री. सगळ्यांसमोर म्हणाला की तो कोर्टाचा माणूस आहे, माझ्या नावाचं वॉरंट निघालंय आणि उरलेलं कर्ज मी फेडलं नाही तर सोमवारी सलूनला सील लागेल. दादा, मी कुठेही सही केलेली नाही. खुर्चीतली बाई ओले केस तसेच बांधून निघून गेली.

काय करू ते कळव. वहिनीला नमस्कार.

तुझी,
ठकू

ता. १४ जून

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचल्यापासून छापखान्यात लक्ष नाही; आज दोन पानं उलटी लावली. सोबत पैसे पाठवतोय. त्याच्या तोंडावर मार आणि मोकळी हो. कोर्टकचेरीत नुसत्या चपला झिजतात. तुझी वहिनी म्हणते की मी पहिल्यापासून घाबरट आणि तू पहिल्यापासून हट्टी. असेल तसं. पण तू तिथे एकटी, म्हणून जीव वरखाली होतो. सासूबाईंना जप.

तुझा,
दादा

ता. २० डिसेंबर

चि. दादांस,
ठकूच्या सासूचे अनेक आशीर्वाद.

ठकू स्वतःबद्दल दोन ओळींत आटपेल, म्हणून मीच लिहायला बसले. तिने तुमचे पैसे परत केले त्याचा राग धरू नका. आधी तिने कोर्टात जाऊन चौकशी केली. वॉरंट निघालेलंच नव्हतं. मग ग्राहक मंचात स्वतः तक्रार लिहून दिली. ओल्या केसांनी गेलेली ती बाई आपणहून साक्षीला आली.

कंपनीचे वकील म्हणाले की त्यांच्या माणसाने नुसती आठवण करून दिली, बाईंनाच कर्ज बुडवायचंय. ठकू उभी राहिली. म्हणाली की नवऱ्याच्या मागे जे उरलंय त्यातून कायद्याने निघेल ते घ्या, पण खोटं बोलून मला घाबरवायचा हक्क तुम्हाला कुणी दिला? मागच्या बाकावर माझा ऊर भरून आला.

निकाल आपल्या बाजूने लागला. नुकसानभरपाई मिळालीच, पण तिचं मागणं वेगळं होतं: जिथे खोटं बोललात तिथेच येऊन ते मागे घ्या. मंचाने तेही मान्य केलं.

काल कंपनीचे साहेब सलूनमध्ये आले आणि माफीनामा तोंडातल्या तोंडात वाचू लागले. ठकूने केस वाळवायचं मशीन बंद केलं आणि पहिल्यापासून वाचायची विनंती केली. मग त्यांना मोठ्याने वाचावंच लागलं की आमचा माणूस कोर्टाचा नव्हता, वॉरंट नव्हतं, ह्या बाई आमचं काही देणं लागत नाहीत. सगळ्या बायका ऐकत होत्या. साहेब निघाले, तेव्हा त्यांनी विचारलं नसतानाही मी सांगितलं की ही माझी सून आहे.

सवड काढून या आणि बहिणीला डोळे भरून पाहा. आमच्यावर माया आहेच, ती अशीच राहू द्या.

आपली,
ठकूची सासू