सहा, सात, सात, आठ, सात आणि सदतीस

आण्णा, तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होत आली आणि मला तुमचा राग आलाय. जुना नव्हे, ताजा. परवा सकाळी आला तो अजून उतरलेला नाही. त्याला निमित्त माझी नात. ही तुम्ही पाहिलेली नाही. सांगलीला कॉलेजात आकड्यांचं काहीतरी शिकते, आणि मिरजेला माझं डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मी तिच्याकडंच असते. लय गुणाची पोरगी, चहा तेवढा पांचट करते. परवा परीक्षेचा अभ्यास करता करता म्हणाली, "आजी, कुठलेही सहा आकडे सांग." माझ्या तोंडातून निघून गेलं, सहा, सात, सात, आठ, सात, सदतीस. मला माझ्या पोरांच्या जन्मतारखा आठवत नाहीत आण्णा, पण हे आकडे पाठ आहेत. तुमच्या वहीतले.

आपल्या माणदेशातल्या गावात तुम्हीच मास्तर आणि तुम्हीच पोस्ट. ओट्याच्या एका अंगाला पोरं पाढे म्हणायची, दुसऱ्या अंगाला तुम्ही शिक्के मारायचा. मला चौथीतनं काढून चुलीपुढं बसवलं ते तुम्हीच, दुसऱ्यांच्या पोरींना शाळेत घाला म्हणून घरोघर फिरायचा तेही तुम्हीच. पण तो राग वेगळा, त्याला वेगळा कागद लागेल. मला दिलं गावातच, वरच्या आळीला, पलटणीतल्या माणसाला. लग्नाला दोन वर्षं झाली आणि लढाई लागली. गावातले दोघं फौजेत. एक माझे मालक, पार वर बर्फात. दुसरा आपल्या शेजारणीचा थोरला, कुठल्याशा डेपोत, भांडारावर. दोघांचीही पत्रं तुमच्याच हातात यायची, आणि एका पत्रामागनं दुसरं किती दिवसांनी आलं हे तुम्ही वहीत मांडून ठेवायचा. कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला आवडायचं.

माझ्या मालकांचे आकडे वर सांगितलेच. शेजारणीच्या पोराचे अकरा, बारा, तेरा, अकरा, तेरा, बारा. तुम्ही दोन्हींची बेरीज केली, बहात्तर आणि बहात्तर. सहानं भागलं. बारा आणि बारा. तुम्हाला केवढा आनंद झाला होता तेव्हा. म्हणालात, "बघ, फौजेचा कारभार कसा हाय. हा बर्फात, तो भांडारात, पण सरासरी सारखी." मलाही बरं वाटलं. बारा म्हटलं की मी बारा दिवस चुलीच्या भिंतीवर कोळशानं रेघा ओढायची.

मग लढाईच्या धामधुमीत माझ्या मालकांचं पत्र बंद झालं. बारा रेघा झाल्या, वीस झाल्या. लढाई थांबली. शेजारणीकडं पत्र आलं, बाराव्या दिवशी, घड्याळ लावल्यासारखं. सव्विसाव्या दिवशी मी पाण्याची घागर तुमच्या ओट्यावर टेकवली आणि विचारलं, आलं का. तुम्ही वही उघडलीत. त्या वेळचं तुमचं तोंड मला आत्ता इथं खिडकीत दिसतंय. चष्मा नाकावर, बोट वहीवर, आणि पोरं मागं पाढे म्हणतायत.

"बाराच्या दुपटीच्या वर गेलं बाळा. त्याचं आलं, तुझ्याचं न्हाई. मनाची तयारी ठेव."

"आवं आण्णा, हितं सदतीस हाय की. मागं पलटण हलली तवा सदतीस दिवसांनी आलंच हुतं."

"त्यो एकच हाय. एकट्याचं काय धरायचं? सरासरी बघावी."

"मग बेरजेत का धरला?"

तुम्ही चष्मा काढलात. "चौथी शिकलीस. मला शिकवू नगंस."

मी म्हटलं, तार आली नाही अजून. तर म्हणालात, "तारबी ईल." आणि संध्याकाळी तुम्ही स्वतः चालत वरच्या आळीला आलात आणि माझ्या सासऱ्यांना हेच सांगितलंत. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर सासऱ्यांनी हाकलला असता. पण पोस्टमास्तर, त्यात पोरीचा बाप. कोण खोटं धरणार? गावानं तुमचं भाकीतच तार म्हणून वाचलं. सासू बोलायची बंद झाली. जेवायला वाढताना ताट माझ्याकडं नुसतं सरकवायची.

परवा नातीनं काय केलं सांगू? माझ्याकडनं सगळी हकिगत ऐकून घेतली आणि ताटात शेंगदाण्यांच्या सहा रांगा लावल्या, लहानीपासून मोठीपर्यंत. म्हणाली, "आता मधल्या दोन बघ, आजी." दोन्ही सातच्या. शेजारणीच्या पोराच्या मधल्या दोन्ही बाराच्या. "दोघांची सरासरी एकच, पण दोन माणसं किती वेगळी आहेत बघ. हा दर आठवड्याला लिहिणारा, आणि पलटण हलली की महिनाभर गप्प होणारा. तो कधीच गप्प न होणारा. ह्याच्या गप्प बसण्यावरनं काहीच ठरवता येत नाही." आणि वर म्हणाली, "बारा दिवसांनी तर आजोबांचं एकही पत्र आलं नव्हतं गं." आण्णा, मी हसले. एवढं हसले की डोळ्यातलं औषध गालावर आलं. वहीत सहा आकडे, त्यात बारा कुठंच नाही, आणि मी भिंत काळी केली ती बाराच्या हिशेबानं. पोरगी पुढं म्हणाली, सहाच आकड्यांवर एवढं छातीठोक कुणी बोलतच नाही. तुम्ही बोललात. मग हसू गेलं आणि राग आला. मी विचारलेलं बरोबर होतं. बेरजेत धरायचा तर विचारातही धरायला हवा होता. चौथी शिकलेलीला कळलं होतं आणि तुम्हाला चष्मा लावून दिसलं नाही.

पस्तिसाव्या दिवशी पत्र आलं. तुम्ही स्वतः घेऊन आलात, धापा टाकत. मी वाचलं, बर्फानं पायाची दोन बोटं गेलीत, बाकी ठीक. मी रडत होते आणि तुम्ही ओसरीवर बसून वहीत पस्तीस लिहिलंत, बेरीज केलीत, आणि म्हणालात, "आता सरासरी पंधराच्या वर गेली." चुकलं असं एका शब्दानं म्हणाला नाहीत, ना तेव्हा, ना नंतर.

नात म्हणते, आजी, हे लिहिलेलं दे, कॉलेजात वाचून दाखवते. मी देणार नाही. कारण ते पत्र आलं त्याच्या दोनच दिवस आधी संक्रांत होती. मी आजवर सगळ्यांना सांगत आले की हळदी-कुंकवाला सासूनं मला बाजूला बसवलं, कुणी बोट लावलं नाही. तसं झालं नाही, आण्णा. शेजारीणच बोटावर कुंकू घेऊन माझ्यापुढं आली होती. म्हणाली, "इकडं कर गं कपाळ." सासू बघत होती, तिनं अडवलं नाही. मीच मान मागं घेतली.